‘या वर्षी काहीच झालं नाही’

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

‘बाळा’ म्हटलेलं तुला आता आवडत नाही, हे मला तुझ्या वहीच्या नवव्या पानावर कळलं. एवढ्या वेळी चालवून घे. पूर्ण नावाने हाक मारली की तुला वाटतं मी रागावले आहे, आणि पत्राची सुरुवात ‘अरे ऐक’ने करायची म्हणजे ते पत्र राहत नाही.

परवा रात्री माझ्या उशीवर ही वही होती आणि वर चिठ्ठी: ‘वाच. पण त्यावर बोलू नकोस.’ अट मी पाळते आहे. बोलत नाही, लिहिते. ही पळवाट आहे हे मलाही कळतं. पण वही तू टेबलावर विसरला नव्हतास, उशीवर आणून ठेवली होतीस. तेव्हा थोडी मुभा मी घेणारच.

पहिलंच वाक्य आहे, ‘या वर्षी काहीच झालं नाही.’ आणि त्याच्यापुढे सदतीस पानं! मला हसू आलं. मग सतराव्या पानाशी आले आणि हसू गेलं.

मार्चमधला एक मंगळवार. तू लिहिलं आहेस, ‘तो आज पुढच्या बाकावर जाऊन बसला. दप्तर उचललं आणि गेला. काही बोलला नाही.’ एवढंच. त्याखालच्या चार ओळी तू खोडल्या आहेस, आणि पेन इतकं दाबून की पान उलटलं तर मागच्या बाजूला बोटाला लागतात. मी त्या वाचायचा प्रयत्न केला नाही. म्हणजे, एकदा पान दिव्यासमोर धरलं, मग माझीच मला लाज वाटली आणि वही मिटून ठेवली.

त्या दिवशी माझ्या कॅलेंडरवर काय आहे ते मी जाऊन बघितलं. ‘वीजबिल. दाताचा डॉक्टर साडेपाच.’ आणि त्या संध्याकाळी काय झालं तेही मला आठवतं, कारण मी बराच वेळ तोंड सोडलं होतं. पलंगावर ओला टॉवेल. पंधरा मिनिटं मी तुला शिस्त या विषयावर ऐकवलं आणि तू एक शब्द उलटून बोलला नाहीस. मला वाटलं, चला, मुलगा सुधारतोय. पहिलीपासून ज्याच्या शेजारी बसलास तो मुलगा त्या दिवशी उठून गेला होता, आणि मी टॉवेलबद्दल बोलत होते.

तो पुन्हा बोलायला लागला का, हे वहीत पुढे कुठेच नाही. विचारत नाही.

सकाळच्या भांडणांवर तू अर्धंच पान खर्च केलंस. मला वाटलं होतं निदान तीन तरी असतील. इथे मला एक शब्द मागे घ्यायचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुझी वही वाचल्यापासून दोन रात्री मी वाचत बसले होते (हो, फोनवरच, आणि हो, बारानंतर). झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक तुझ्या वयात शरीरात उशिरा पाझरायला लागतं, लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही तास-दोन तास उशिरा. म्हणजे दहा वाजता ‘झोप येत नाही’ म्हणतोस ते नाटक नसतं. झोप मात्र आठ ते दहा तास लागतेच. वाढत्या वयाचा हिशोब त्यात सूट देत नाही. उशिरा झोपायचं आणि लवकर उठायचं, म्हणजे रोज थोडी झोप उधारीवर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये जाहीर सांगितलं की तुझ्या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवूच नयेत. तुझी शाळा ते ऐकणार नाही आणि मी तिची वेळ बदलू शकत नाही. पण वर्षभर रोज सकाळी दारात उभी राहून मी जो शब्द वापरत होते, ‘आळशी’, तो मागे घेते.

पहाटे दोनला पांघरुणाखाली दिसणारा निळा उजेड मात्र मेलाटोनिनच्या खात्यावर टाकता येणार नाही. तेवढं सोडून बाकीचं मागे घेते.

मग ते आवाजाचं पान. मला हे माहीतच नव्हतं. घरी तू कमी बोलायला लागलास तेव्हा मी तुझ्या बाबांना म्हटलं, वय आहे, होईल ठीक. वर्गात धडा वाचताना मधल्याच एका शब्दावर आवाज चिरकला, सगळा वर्ग हसला, आणि त्यानंतर तू सहा महिने हात वर केला नाहीस, हे मला वहीतून कळावं! अरे, त्यात तुझी काही चूक नाही. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आणि त्यांना ताणणारे स्नायू अजून जुन्याच मापाने काम करत असतात. कुणी रातोरात पेटी बदलून मोठी दिली आणि बोटं जुन्याच पट्ट्या शोधत राहिली, तसं. काही महिन्यांत बसतो आवाज. तुझा बसत आलाय. परवा फोनवर मी तुला बाबा समजून बोलले.

‘सगळा वर्ग हसला’ या वाक्याबद्दल थोडं. अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, २००० साली तो छापून आला. कॉलेजातल्या एकेका मुलाला एक अगदी न शोभणारा टीशर्ट घालायला दिला, एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, टीशर्टवर कोण होतं हे कितीजणांनी पाहिलं असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात चौघांतल्या एकालाच सांगता आलं. आणि डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की किशोरवयातल्या मुलाला सतत आपण रंगमंचावर आहोत आणि समोर प्रेक्षक बसलेत असं वाटत असतं. त्याने त्याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं.

हे वाचून मला बरं वाटलं आणि लगेच शंका आली. कारण त्या दिवशी कुणीतरी हसलं होतंच ना? चौघांतला तो एक असतो की. त्याचं हसू ऐकू येतं आणि उरलेल्या तिघांचं लक्ष खिडकीबाहेर होतं हे ऐकू येत नाही. मला एवढंच विचारावंसं वाटतं की त्या दिवशी धडा वाचताना तुझ्या आधी कोण वाचत होतं आणि तो कुठे अडखळला, हे तुला आठवतं का?

आता माझ्यावरच्या आरोपाकडे येते. पान तेवीस. ‘आई तीनच प्रश्न विचारते. अभ्यास झाला का, चार्जर कुठाय, मार्क किती.’ मला ते अतिशय लागलं, म्हणून काल दिवसभर मी मोजले. तुला मी अकरा प्रश्न विचारले. पाच अभ्यासाचे, चार चार्जरचे, एक मार्कांचा. अकरावा होता ‘ऐकतोयस ना?’ तेव्हा तुझी तक्रार मंजूर आहे, फक्त संख्या चुकली.

मला उलट प्रश्न पडला की मला माझ्या आईने सोळाव्या वर्षी काय विचारायला हवं होतं. तुला माझी गोष्ट तोंडपाठ आहे: मी तुझ्या वयाची असताना पहाटे पाचला उठायचे, कुणी न सांगता अभ्यास करायचे, वगैरे. तू ऐकताना डोळे फिरवतोस आणि मी ते न दिसल्यासारखं करते. तर, माळा आवरताना मला माझी त्या वर्षीची वही सापडली. हे घडलं सहा महिन्यांपूर्वी, तुला सांगितलं नव्हतं. का, ते आता कळेल. त्यात एक नोंद आहे: ‘आजही गजर बंद करून झोपले. आईला वाटतं मी वाचत होते.’ पुढच्या आठवड्यात: ‘आज दिवसभर काहीच केलं नाही. सगळ्यांचा राग येतो.’ पाचला उठल्याचे दिवस वर्षभरात मोजून चार सापडले, आणि तेही परीक्षेच्या आदल्या आठवड्यातले.

मी तुला खोटं सांगत नव्हते रे. मला खरंच तसं आठवत होतं. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिलं होतं की गोष्ट पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली की माणसं तिच्यातलं न समजणारं, न बसणारं गाळत जातात आणि आपल्या ओळखीचं घालत जातात. माझ्या बाबतीत तेच झालं असणार. दहा वेळा सांगितली, दर वेळी थोडी झाडून-पुसून, आणि शेवटी घरात एक आदर्श मुलगी उभी राहिली जी कधी नव्हतीच. ती वही सापडली नसती तर मी तुला तिच्या नावाने आणखी चार वर्षं ऐकवलं असतं.

गंमत म्हणजे पन्नाशी-साठीतल्या माणसांना आयुष्यातल्या ठळक आठवणी सांगायला लावल्या, तर त्यातल्या पुष्कळशा दहा ते तीस या वयातल्या निघतात, असं संशोधक सांगतात. म्हणजे तुझ्या मते ज्या वर्षी काहीच झालं नाही, ते वर्ष तू पुढे पन्नास वर्षं कुणाला ना कुणाला सांगत राहणार आहेस. आणि झाडून-पुसूनच सांगशील. म्हणून ती खोडलेली चार ओळींची जागा तशीच राहू दे, पान फाडू नकोस. मी माझ्या वहीतली दोन पानं फाडली होती. कडा अजून दिसतात, काय होतं ते मात्र आता माझं मलाच माहीत नाही.

शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

पान एकतीस. ‘आजी गेली तेव्हा सगळे रडले. मी नाही रडलो. मला काहीच वाटलं नाही. माझ्यात काहीतरी कमी आहे.’ त्याखाली तारीख आणि मग पुढची दोन पानं कोरी.

तुझ्या वहीत एक नोंद राहून गेली आहे. ती मी देते.

आजीच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ आठ दिवसांचं आहे, एकदा किल्ली दिली की आठवडाभर चालतं. दर रविवारी आजी स्टुलावर चढून किल्ली द्यायची आणि आपण सगळे खालून ओरडायचो, पडाल. आजी गेली त्यानंतर घरात इतकी माणसं, इतकी धावपळ, की घड्याळाचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. माझ्या तर नव्हतंच. बाराव्या-तेराव्या दिवशी मी एकटी त्या खोलीत कपाट आवरत होते आणि अचानक लक्षात आलं की टिकटिक ऐकू येतेय. हे बंद पडायला हवं होतं. मी बाबांना विचारलं, त्यांनी दिली नव्हती. मग पुढच्या रविवारी दुपारी मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तू आलास, स्टूल न घेता हात वर करून झाकण उघडलंस (हात पोचतो आता तुझा), किल्ली दिलीस, तर्जनीने काचेवरची धूळ पुसलीस आणि निघून गेलास. मिनिटभराचं काम. ऑगस्टपासून एकही रविवार चुकलेला नाही, मी पाहते आहे.

आणखी एक सांगू का? त्या घड्याळाला किल्लीची दोन भोकं आहेत. उजवीकडचं चालण्यासाठी, डावीकडचं टोल्यांसाठी. आजी दोन्हीकडे द्यायची. तू फक्त उजवीकडे देतोस. म्हणून घड्याळ चालतं, पण ऑगस्टपासून ते वाजलेलं नाही. डावीकडची किल्ली तुला ठाऊक नाही की तू मुद्दाम देत नाहीस, हे मला कळलेलं नाही. आणि बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून विचारतही नाही.

वही तुझ्या उशीखाली ठेवली आहे. कोऱ्या पानांवर मी काही लिहिलेलं नाही. हे पत्र वेगळ्या कागदावर आहे, ठेवायचं नसेल तर ठेवू नकोस.

उद्या रविवार आहे. मी दुपारी घरी नाही, दारात कुणी उभं नसेल.

तुझी,
आई