टेबल सांभाळणाऱ्या मुलीस

भुसावळ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

जळगावच्या अल्फा कोर्समध्ये, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणाऱ्या साप्ताहिक बैठकांत, तू एका टेबलाची जबाबदारी घेतलीस, याचा मला आणि तुझ्या आईला फार आनंद झाला. त्या टेबलावर देव न मानणारी माणसं बसणार आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो. एवढं मात्र जप: त्यांचा प्रश्न त्यांच्या हातातून काढून घेऊ नकोस. उत्तर पाठ असलं की तोंडाशी येतंच. ते दिलंस की समोरचा मान हलवतो, गप्प बसतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही.

हा कोर्स १९७७ मध्ये लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये नवख्या ख्रिस्ती लोकांसाठी सुरू झाला. १९९० मध्ये तो निकी गंबेल यांच्याकडे आला. ते पेशानं बॅरिस्टर आणि तरुणपणी नास्तिक. चर्चबाहेरची माणसं येताहेत हे पाहून त्यांनी कोर्सचा रोख तिकडे वळवला. जेवण, भाषण, चर्चा हा क्रम याच माणसांसाठी आहे, तो मोडू नकोस. सातला जेवण, पावणेआठला भाषण, तेही पंचवीस मिनिटांच्या आत. मग चहा आणि पाऊण तास चर्चा. नऊ वाजले की थांबायचं, बोलणं रंगात आलं असलं तरी. लांबून आलेल्याला गाडी धरायची असते, आणि घड्याळ बघणारा माणूस मनातलं बोलत नाही.

जेवण शाकाहारीच ठेव. वरण-बट्टी सोयीची पडते, दहा जणांना दीड किलो पीठ आणि अर्धा किलो तूरडाळ पुरते. हिवाळा आहे म्हणून पहिल्याच दिवशी भरीत करू नकोस. कोणी जैन असेल तर त्याला वांगंही चालत नाही, कांदाही नाही, आणि त्याचं ताट सगळ्यांदेखत वेगळं पडतं. वरणाला लसणाची फोडणीसुद्धा अर्ध्यालाच घाल.

पाहुणे आठ असले तर आपली माणसं तीनच. त्याहून जास्त झाली की पाहुण्याला आपली परीक्षा चाललीय असं वाटतं. चर्चचे बाक नकोत, खुर्च्या गोलात मांड आणि रिकामी खुर्ची उचलून ठेव. फार बोलणाऱ्याला स्वतःच्या शेजारी बसव, न बोलणाऱ्याला समोर. समोरच्याशी नजरानजर होत राहते, तो हळूहळू बोलायला धजतो. गटात प्रार्थना पहिले काही आठवडे नकोच.

येशू का मेला, यावर भाषण झालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "मी कोणाचं वाईट केलं नाही. मग माझ्यासाठी कोणी मरायचं कशाला?" अशा वेळी वचन काढून दाखवू नकोस. "बाकीच्यांना काय वाटतं?" एवढंच विचार आणि मनात दहापर्यंत मोज. पाच-सहापर्यंत कोणी पाण्याचा पेला सरकवतं, कोणी मोबाईल पालथा ठेवतं. मग एखादा बोलू लागतो. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी किती वर्षं अबोला आहे, ते सांगतो. त्यावर काहीही जोडू नकोस. विचारणाऱ्याचा प्रश्न तिथेच खोल जातो, आणि तो पुढच्या वेळी येतो.

माहितीचा प्रश्न आला तर मात्र सरळ उत्तर दे. येशू खरंच होऊन गेला का? रोमन इतिहासकार टॅसिटस सन ११६च्या सुमारास लिहितो की रोमन सुभेदार पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाला. ज्यू इतिहासकार जोसीफसही त्याचा उल्लेख करतो, पण त्याच्या मोठ्या उताऱ्यात पुढे ख्रिस्ती हात फिरलाय, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेही सांग. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायातली नऊ ते वीस ही वचनं सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे कोणी काढलं तर होय म्हण. पडती बाजू तू स्वतः सांगितलीस की बाकीच्या शब्दावरही विश्वास बसतो. घरी न्यायला जाड बायबल देऊ नकोस, मार्कचं सुटं शुभवर्तमान दे. दोन तासांच्या आत वाचून होतं.

देव आजही आजार बरे करतो का, या विषयाच्या संध्याकाळी फार सांभाळ. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण कोणीतरी करून देईल, आणि ती रास्तच आहे. कोणाचीही गोळी बंद करायला सांगायची नाही. प्रार्थना करायची ती त्याला विचारून, हळू आवाजात, आणि डॉक्टरची तारीख चुकवायची नाही.

घाई करू नकोस. कवी ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्यानंतरही कित्येक वर्षं लागली. तुझ्या दहा-अकरा आठवड्यांत एखाद्यानं "हे खरं असेल तर मला बदलावं लागेल" असं म्हटलं, तरी खूप झालं. ज्याचं येणं बंद होईल त्याला एकदा मेसेज कर, मागे लागू नकोस.

पैसे, वह्या, साड्या, नोकरीचं आश्वासन, यातलं काहीही त्या खोलीत येता कामा नये. कोणी बाप्तिस्म्याचं विचारलं तर आधी घरच्यांशी बोलायला सांग. तो अनुसूचित जातीतला असेल तर राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती राहत नाहीत, अनुसूचित जमातीला मात्र तो नियम नाही. हे त्याला आधी, तुझ्याच तोंडून कळायला हवं. विश्वास ठेवणाऱ्याला त्याची किंमत लपवून विश्वास देता येत नाही.

सुरुवात तुळशीच्या लग्नानंतर करा, म्हणजे दिवाळीची पाहुणेमंडळी परतलेली असतात. कोर्समधला पवित्र आत्म्याविषयीच्या भाषणांचा दिवस जानेवारीत रविवारी ठेवा. नाताळच्या आठवड्यात गट बंद ठेव, पण आठही जणांना घरी फराळाला बोलाव. अनारसे आई पाठवील, किती हवेत ते आधी कळव.

तुझे पप्पा