आर्वीच्या पुढे धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

चैत्रोत्सवासाठी धुळ्याहून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्या आमच्या मावशीला आर्वीच्या पुढे, आग्रा रोडवर, पहाटेच्या अंधारात दुचाकीचा धक्का लागला. पायाचं हाड मोडलं. आता ती काठी टेकत अंगणात फिरते. ज्यांनी तिला सांभाळलं त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी ट्रकवाल्या दादांचे. त्यांनी मावशीच्या मागे ट्रक उभा केला, चारही इंडिकेटर लावले आणि स्वतः बरंच मागे जाऊन बॅटरीच्या उजेडात येणाऱ्या गाड्या बाजूने काढल्या. ते नसते तर दुसरी गाडी अंगावर आली असती, याबद्दल मला शंका नाही. ‘माय, घाबरू नको, मी शे ना आठे,’ म्हणत डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या ताईंचे. आणि स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणाऱ्या काकांचे.

जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. तरी पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने माणसं पुढे निघून जातात. काका थांबले, आमची माणसं येईपर्यंत.

ज्याच्या दुचाकीचा धक्का लागला तो मुलगाही पळाला नाही. त्यालाही धन्यवाद.

आदल्या संध्याकाळी पदयात्रींच्या पिशव्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवणाऱ्या पोरांनो, मावशीची पिशवी तेवढी राहिली होती. पुढच्या चैत्रात पट्ट्यांचा खर्च आमच्याकडे, आणि चिकटवायला आम्हीही येतो.