ताटाची डावी बाजू मोठी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत वजन कमी करण्यासाठी सात दिवसांचा आहार छापून आला होता. त्यात अ‍ॅव्होकाडो, किन्वा, चिया आणि ग्रीक दही होते; पोळी, आमटी, भात आणि कोशिंबीर मात्र शोधूनही सापडली नाही. लेख लिहिणाऱ्यांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. पण हा आहार ज्या घरांत वाचला गेला, त्यातल्या बहुतेक घरांत सोमवारी सकाळी नेहमीसारखी कणीक भिजली असणार आणि कुकरही नेहमीसारखाच लागला असणार, आणि त्या कणकेविषयी व त्या कुकरविषयी पुरवणीत एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

मी कोथरूडमध्ये एकोणीस वर्षे जेवणाचे डबे दिले. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे दोन वर्षांपूर्वी ते काम थांबवले. तेव्हा माझे वजन ७९ किलो होते आणि उंची पाच फूट दोन इंच. डॉक्टरांनी रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे सांगितले आणि वजन उतरवल्याशिवाय गुडघ्यांवर दुसरा इलाज करण्यात अर्थ नाही, असेही बजावले. घाबरून मी जवळच्याच एका वजन घटवणाऱ्या केंद्रात नाव घातले. तिथे दोन जेवणांच्या जागी पाण्यात ढवळून प्यायची पावडर मिळत असे. दोन महिन्यांत चार किलो गेले आणि पावडर बंद केल्यावर पुढच्या चार महिन्यांत पाच किलो परत आले. त्यात पावडरीची काही जादू नव्हती, मी दोन वेळा जेवत नव्हते इतकेच. आणि जन्मभर दोन वेळा न जेवता राहणे मला जमणारे नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरणे सुरक्षित असल्याचे तिच्यात म्हटले आहे आणि दिवसाचा आहार हजार कॅलरींच्या खाली नेऊ नये, असाही इशारा दिला आहे. हे मला आधी कोणी सांगितले असते, तर माझे पैसे वाचले असते.

त्यानंतर मी स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडायचे ठरवले. तेलाचा पाच लिटरचा नवा डबा फोडला, त्या दिवसाची तारीख त्याच्या झाकणावर पेनाने लिहिली आणि डबा संपेपर्यंत कोणाला काही बोलले नाही. आम्ही घरात चौघे आहोत. डबा तेविसाव्या दिवशी संपला. पाच लिटर म्हणजे सुमारे साडेचार किलो तेल. भागाकार केला तेव्हा माणशी रोजचे जवळपास ४९ ग्रॅम आले. बैठे काम करणाऱ्या, दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटासाठी वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेने तेल-तुपाला दिलेली जागा २७ ग्रॅमची आहे. तूप तर मी अजून मोजलेच नव्हते. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, म्हणजे केवळ या जादा तेलाच्या रोज दोनशे कॅलरी आमच्यापैकी प्रत्येकाच्या पोटात जात होत्या आणि त्यांची चवही कोणाला वेगळी कळत नव्हती.

याचे कारण माझ्या हातात होते, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. चाळीस डब्यांची भाजी करणारा हात डबे थांबले तरी मापाला लहान होत नाही. शिवाय डब्याच्या धंद्यात तेलाकडे हात आखडता घेतला, की गिऱ्हाईक तुटते. भाजीवर तवंग दिसला तरच ती ‘घरच्यासारखी’ वाटते. एकदा मी मुद्दाम आठवडाभर तेल कमी केले, तर तीन जणांनी भाजी कोरडी असल्याची तक्रार केली आणि एकाने डबाच बदलला. त्या तीन माणसांचे मला आजही हसू येते, कारण त्यातले दोघे रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणारे होते. पाऊण तास झपाझप चालून माणूस जेमतेम दोनशे कॅलरी खर्च करतो आणि परतीच्या वाटेवर घेतलेल्या एका वडापावात साधारण तीनशे असतात. चालणे सोडावे असे मी मुळीच म्हणत नाही, माझे गुडघे चालण्यामुळेच सुटले. पण चालण्याच्या भरवशावर ताटाकडे दुर्लक्ष केले, तर वजनाचा काटा जागचा हलत नाही.

तेलासाठी मी दोनच गोष्टी केल्या. डब्यातून थेट कढईत धार धरणे बंद केले; ओट्यावर एक लहान बरणी ठेवली आणि त्यात चहाचा चमचा. चौघांच्या भाजीला तीन चमचे, आमटीच्या फोडणीला एक. दुसरी गोष्ट आपल्या आज्या करत असत तीच: भाजी फोडणीस टाकल्यावर वर खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पाणी ओतायचे. खालच्या वाफेवर भाजी शिजते, करपत नाही, आणि ताटलीतले पाणी कोमट झाले की तेच भाजीत घालता येते. दुधी, पडवळ, घेवडा, कोबी, गवार या साऱ्या भाज्या अशा उत्तम होतात. भरल्या वांग्यांना मात्र हे जमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे; ती मी आता महिन्यातून एकदाच करते आणि तेव्हा तेलाकडे बघत नाही. तेलाचा तोच पाच लिटरचा डबा आता अडतीस दिवस पुरतो.

पोळीचा प्रश्न अधिक नाजूक होता. आमचे यजमान तीन पोळ्या खातात आणि गेली पस्तीस वर्षे तीनच खातात. त्यांना दोन खायला सांगणे म्हणजे घरात अबोला ओढवून घेणे. म्हणून मी कणकेचा गोळा वजन केला. तो ५५ ग्रॅम भरला. पंधरा दिवसांत तो हळूहळू ४० ग्रॅमवर आणला, पोळी थोडी पातळ लाटली आणि घडीत बोटभर तेल लावण्याऐवजी नुसता हात फिरवला. पोळ्या तीनच राहिल्या, पण त्यामागचे पीठ जवळपास तीस ग्रॅमने उतरले, म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी. त्यांना हे चार महिन्यांनी कळले, तेही मी सांगितले म्हणून. ज्वारीच्या भाकरीविषयी हल्ली फार बोलले जाते, तेव्हा एक खुलासा करते: ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरींत सांगण्याजोगा फरक नाही. भाकरीला तेल लागत नाही, ती सावकाश चावावी लागते आणि एक-दीड भाकरीत पोट भरते, हा तिचा खरा फायदा आहे. तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवल्यावर हिशेब पुन्हा पहिल्या जागी येतो.

आता ताटाविषयी. आपल्याकडे पान वाढण्याची एक रीत आहे. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, आमटी. मध्ये पोळी आणि भाताची मूद. रीत चांगली आहे, पण तिच्यात कोशिंबीर चमचाभर वाढतात आणि भात दोनदा: सुरुवातीला वरण-भात, शेवटी ताक-भात, आणि मध्ये पोळ्या आहेतच. म्हणजे एका जेवणात धान्याच्या तीन फेऱ्या. मार्गदर्शिकेतल्या दिवसाच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम आहेत, तर सगळे धान्य मिळून २५० ग्रॅम, तेही कच्चे मोजलेले. डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आहेत आणि दूध ३०० मिलिलिटर. मी आमच्या ताटाशी हे ताडून पाहिले तेव्हा धान्य वाजवीहून पुष्कळ जास्त, भाजी निम्म्याहून कमी आणि डाळ इतकी पातळ होती, की तिला डाळीचे पाणी म्हणणेच योग्य ठरले असते.

त्यामुळे मी डावी बाजू मोठी केली. कोशिंबीर चमच्याऐवजी वाटीने वाढते: काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कोबीची पचडी, जे मिळेल ते. दाण्याचे कूट घालते, पण दोन चमचे चौघांत, कारण शेंगदाण्यात निम्मे तेलच असते. ही वाटी पोळीला हात लावण्याआधी संपवायची, असा नियम ठेवला आहे. पोट थोडे भरलेले असले की पुढचे आपोआप आटोक्यात राहते. (लोणचे आणि पापड हेही डाव्या बाजूचेच, पण त्यांना मोठे करू नये, पापड भाजून एखादा, तोही रोज नाही.) आमटी दाट केली आणि तिची वाटी दीडपट केली. आठवड्यातून चार दिवस मटकी, मूग किंवा मसूर यांची उसळ होते. शेवटचा भात बंद करून नुसते ताक ठेवले. एक वाटी शिजलेल्या भातात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि ताक-भाताची सवय ही बहुधा भुकेची नसून जेवण ‘संपल्यासारखे’ वाटावे म्हणून असते, असे माझ्या लक्षात आले. पहिला आठवडा चुकल्यासारखे झाले, नंतर नाही.

चहाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण पुण्यात त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी दिवसाला पाच कप घेत असे, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे पन्नास ग्रॅम साखर आणि दोनशे कॅलरी. वरून घातलेल्या सगळ्या साखरेची दिवसाची मर्यादा पंचवीस-तीस ग्रॅमची आहे. कप कमी केले नाहीत. साखर दर आठवड्याला पाव चमच्याने उतरवली आणि सहा आठवड्यांत अर्ध्या चमच्यावर आले. आता बाहेरचा चहा पाकासारखा लागतो. गुळाच्या चहाच्या पाट्या हल्ली चौकाचौकांत दिसतात. पण कॅलरींच्या बाबतीत गूळ आणि साखर सख्खी भावंडे आहेत.

आमचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याचे वजन उंचीच्या मानाने ‘बरोबर’ आहे, तरी पोट पुढे आले आहे, आणि म्हणून ‘आईचे प्रयोग आईपुरते’ असे त्याचे म्हणणे असे. त्याला मी आपल्याच शहरातले उदाहरण दिले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसूनही आतून चरबी बाळगून असतो, ही गोष्ट पुण्यात वर्षानुवर्षे अभ्यासली गेली आहे. म्हणून काट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची: कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. मुलाचा ९६ भरला. त्यानंतर त्याने रात्री घरी आल्यावर फरसाणाचा डबा उघडणे कमी केले आहे. बंद केले आहे, असे मी लिहिणार नाही.

चौदा महिन्यांत माझे वजन ८० वरून ७१ वर आले. पहिल्या दोन महिन्यांत जेमतेम एक किलो गेला, गणपती ते दिवाळी काटा अडकून पडला आणि फराळानंतर एक किलो परत चढला. घेर अजून ९२ आहे. वेग पुरवणीतल्या आश्वासनांच्या मानाने हास्यास्पद आहे, हे मान्य. पण या वेळी उतरलेले परत आलेले नाही आणि वेगळा स्वयंपाक एकही दिवस करावा लागलेला नाही. एक सूचना मात्र आवश्यक वाटते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी भात-पोळी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; औषध तेवढेच राहिले आणि खाणे घटले, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

आपल्याकडे विनंती अशी, की पुरवणीत आहार छापताना तो वाटी, चमचा आणि पोळीच्या मापात छापावा, आणि ज्या महिन्यात जी भाजी स्वस्त असते तिच्या आधाराने छापावा. पोळी-भाजी केंद्रांनीही पाटीवर पोळीच्या किमतीबरोबर तिचे वजन लिहायला हरकत नाही; मी धंद्यात असताना हे सुचले नाही, याची खंत आहे. आणि आता चातुर्मास लागतो आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी असतात आणि प्रथिने जवळजवळ नसतातच. त्यावर कूट, तूप, बटाटा हे सगळे वेगळे. राजगिरा, भगर, ताक, काकडी, फळे यांवर उपवास उत्तम होतो. श्रावण सुरू होण्यापूर्वी उपवासाच्या दिवसाचा एक तक्ता आपण मापांसह छापलात, तर खिचडीची वाटी केवढी असावी यावरून आमच्या घरी दर सोमवारी होणारा वाद तरी मिटेल.

आपली विश्वासू,
एक वाचक,
कोथरूड, पुणे