बाबा, पिशवीला नाही म्हणू नका

आई, बाबा,

काल फोनवर गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनवरून बाबा चिडले आणि मी पण आवाज चढवला, रात्रभर चुटपुट लागून राहिली, म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही म्हणालात पोट उघडून डोळ्यांनी बघून केलेलंच खरं, दुर्बिणीने भोकातून काय दिसणार. उलट आहे हो. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, तो पार खाली कमरेच्या हाडांच्या खोबणीत असतो, पुरुषांची ती जागा अजूनच अरुंद, वरून वाकून बघितलं तरी तळाशी नीट दिसत नाही, दुर्बीण मात्र थेट तिथे जाते आणि सगळं मोठं करून स्क्रीनवर दाखवते. पोटात गॅस भरून जागा करतात, चार-पाच छोटी भोकं, आणि कापलेला भाग काढायला एक जरा मोठा छेद. दुखणं कमी, लवकर उठवून चालवतात. रोबोट म्हटलं तरी मशीन आपलंआपण काही कापत नाही, डॉक्टरच बाजूला बसून ते चालवतात. त्याचा खर्च जास्त, तेव्हा आपल्या डॉक्टरांचा हात ज्यात बसलाय तेच करू.

आणि गाठ मागे राहील ही भीती. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे २०१५ मध्ये आले, हजारावर पेशंट, ३ वर्षांनी त्याच जागी गाठ परत यायचं प्रमाण पोट उघडून आणि दुर्बिणीतून दोन्हीकडे ५ टक्केच. मला वाटतं भोकं किती यापेक्षा आतलं काम महत्त्वाचं. आठवतं, डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे एक गोल काढला, मग त्याच्याभोवती दुसरा, आणि पेनाने ठोकून म्हणाले हे गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण न फाटता अख्खं यायला हवं? कॅन्सर ज्यात पसरू शकतो त्या छोट्या लसिका गाठी (लिम्फ नोड) तिथेच दडलेल्या असतात. हील्ड नावाच्या इंग्लंडच्या सर्जननी १९८२ मध्ये हे मांडलं, आज दुर्बीण असो की रोबोट, धरून चालतात ते हेच. तो कागद आईने फाईलमध्ये ठेवलाय, परत बघा.

आता पिशवी. तुमची गाठ खाली आहे, म्हणजे आतड्याचा जोड पण अगदी खाली येणार, तो लीक झाला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून लहान आतडं तात्पुरतं पोटावर काढून शी तिथे लावलेल्या पिशवीत वळवतात. जोड भरला की बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी छोटं ऑपरेशन करून परत आत. त्यानंतर काही महिने सारखं संडासला पळावं लागेल, ते पण आधीच सांगून ठेवते. पण पिशवी नको म्हणून ऑपरेशनच नको असं परत बोलू नका ना बाबा, मला ऐकवत नाही.

आई, तू विचारलंस पेठेतल्या नातेवाइकांना काय सांगायचं. पोटाचं ऑपरेशन एवढंच सांग. पिशवी बदलायला नर्स शिकवतील, तू एकटीने अंगावर घेऊ नकोस, मी पण शिकणारे.

शनिवारी सकाळी पोचते. बाबांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरांना आजच फोन करून विचार, आणि एमआरआयच्या फिल्म गादीखालून काढून ठेव, वाकतील.

तुमची,
मनू