चाळिशीच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला पूर्ण कल्पना द्यावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘जवळचा चष्मा कायमचा घालवा’ अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावांतही झळकू लागल्या आहेत. या शस्त्रक्रियांना माझा विरोध नाही. मात्र त्यांतून काय मिळते याच्याइतकेच काय गमवावे लागते, हेही रुग्णाला आधी कळायला हवे.

चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होत जाते. त्याची लवचिकता खात्रीने परत आणणारी शस्त्रक्रिया आज उपलब्ध नसल्याने जे काही केले जाते ती तडजोडच असते. लेसरने एक डोळा लांबच्या आणि दुसरा जवळच्या नजरेसाठी बेतला, तर चष्म्याविना पेपर वाचता येतो, पण अंतराचा अंदाज थोडा उणावतो. ही विभागणी काहींच्या सहज अंगवळणी पडते, काहींच्या कधीच पडत नाही. आपले काय होईल हे तशाच नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस वापरून पाहता येते. तरीही ही चाचणी न करता थेट लेसरची तारीख देणे मला अनाकलनीय वाटते.

दुसरा मार्ग नैसर्गिक भिंग काढून मल्टिफोकल भिंग बसवण्याचा. हे भिंग प्रकाश लांबच्या व जवळच्या नजरेसाठी विभागते, त्यामुळे अंधुक उजेडात आकृत्यांचा उठाव कमी होतो आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. घरी शिवणकाम करणाऱ्या बाईंना ते चालून जाईल, रातराणीच्या एसटी चालकाला नाही. मोतीबिंदू असेल तर भिंग बदलायचेच असते. पण मोठा मायनस नंबर असलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाचे स्वच्छ भिंग केवळ चष्म्यासाठी काढताना दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) सुटण्याचा वाढीव धोका स्पष्ट सांगितलाच पाहिजे.

नवे ते निर्धोक, असेही नाही. पारपटलात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, बसवायच्या ‘रेनड्रॉप’ या रोपणाला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली आणि पारपटल धुरकट होत असल्याने २०१८ साली ते परत घेतले गेले.

संमतिपत्र मराठीत असावे आणि त्यात केलेला बदल पूर्ववत करता येतो का, रात्री वाहन चालवण्यावर काय परिणाम होईल व बारीक अक्षरांसाठी पुढे चष्मा लागू शकतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे सहीच्या जागेवरच ठळक छापावीत, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला,
एक चष्मा व्यावसायिक, सांगली