बाबांचा पेसमेकर आणि माझा फोम

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पेसमेकर बसवल्यापासून बाबा मोबाइलकडे संशयानं बघतात, असं आई म्हणाली. बाबा, माझं काम याच विषयातलं आहे, म्हणून आज ते नीट सांगते.

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणातून थोड्याफार विद्युतचुंबकीय लहरी बाहेर पडतात आणि शेजारच्या उपकरणाच्या कामात लुडबुड करतात. यावर जुना उपाय धातूच्या कवचाचा. पण धातू लहर जिरवत नाही, परतवून लावतो. हवेचा इम्पिडन्स, म्हणजे लहरीला होणारा विरोध, 377 ओहम, धातूचा जवळजवळ शून्य. एवढी तफावत असली की लहर पृष्ठभागावरूनच मागे फिरते आणि त्याच डब्यातल्या दुसऱ्या सर्किटवर जाऊन आदळते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या-पडदे आले की थांबतो, तसं काहीतरी आम्हाला लहरींसाठी हवं आहे.

ते म्हणजे फोम. प्लास्टिकमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म, वीज वाहणाऱ्या नळ्या मिसळायच्या, दाबाखाली कार्बन डायऑक्साइड मुरवायचा आणि दाब झटकन सोडायचा. आत असंख्य बुडबुडे फुलतात. वस्तू हलकी होतेच, शिवाय आत बरीचशी हवा असल्यानं लहर सहज शिरते. मग बुडबुड्यांच्या भिंतींवर आपटत, भिंतींत बारीक विद्युतप्रवाह निर्माण करत ती विरते. तिची किंचितशी उष्णता होते, एवढंच.

खरी कसरत नॅनोट्यूबच्या प्रमाणाची आहे. जास्त घातल्या तर फोमच धातूसारखा लहर परतवू लागतो, शिवाय वितळलेलं प्लास्टिक घट्ट होऊन बुडबुडे नीट फुलत नाहीत. कमी घातल्या तर लहर आरपार जाते. म्हणून आम्ही थर रचतो: वर कमी वाहक, लोहाचं ऑक्साइड मिसळलेला फोम, तळाला चांदीचा पातळ लेप. वरून निसटलेली लहर चांदीवरून उलटते आणि परत येताना फोममध्ये जिरते.

या क्षेत्रात 30 डेसिबल शील्डिंग, म्हणजे लहरींपासून तेवढा आडोसा, मिळालं की सगळे खूश होतात, कारण मग लहरीच्या ऊर्जेचा हजारातला एकच भाग पलीकडे जातो. उरलेली जिरली की नुसती परतवली, हे त्या आकड्यातून कळत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच विचारायला हवा. आमचं लक्ष्य आहे, परतणारी ऊर्जा दहा टक्क्यांच्या आत आणायची.

बाबा, तुमच्या पेसमेकरवरचं टायटॅनियमचं कवच हेही एक शील्डच आहे. तेव्हा टीव्ही, मिक्सर खुशाल लावा. फक्त फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका. पेसमेकरपासून तो किमान 15 सेंटिमीटर लांब असू द्या आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा. आई, तू लक्ष ठेव.

तुमची,
मनू