शंभर यार्ड मोजायचे कुठून?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या शेजारच्या महाविद्यालयातल्या तंबाखूमुक्तीच्या शपथेचा फोटो पाहिला. हात पुढे करून उभे विद्यार्थी, मधोमध प्राचार्य, मागे भला मोठा फ्लेक्स. अभिनंदन. फोटोग्राफरने तेवढ्यात इमारतीला एक वळसा घातला असता, तर मागच्या भिंतीलगतच्या टपरीवर त्याच महाविद्यालयाची ओळखपत्रे गळ्यात अडकवून धूर सोडणारी मुले त्याला आयतीच सापडली असती. शपथ उरकून काही थेट तिकडेच आली असतील, तर मला नवल वाटणार नाही.

आमची सोसायटी गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला. आमच्यात आणि महाविद्यालयाच्या मागच्या कंपाउंडमध्ये फक्त एक गल्ली. आत सिगारेट ओढणाऱ्याला दंड सुरू झाला आणि तेव्हापासून आतला सगळा कारभार आमच्या दारात आला. मागच्या छोट्या फाटकातून बाहेर पडायचे, टपरीवर एक कटिंग आणि एक सुट्टी सिगारेट घ्यायची, खांबाला दोरीने बांधलेल्या लायटरवर ती पेटवायची आणि येऊन आमच्या पार्किंगच्या कट्ट्यावर बसायचे. थोटके पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात. मीटरचे रीडिंग घ्यायला येणारा माणूस झाकण उचलतो आणि माझ्याकडे असे बघतो, की या वयात काकांना हे काय सुचले! मुलांना हटकले तर उद्धट उत्तर मिळत नाही, हे मुद्दाम सांगतो. एकाने फार अदबीने सांगितले, "सॉरी काका, पण आत दंड आहे ना." आता यावर काय बोलायचे?

म्हणून महाविद्यालयात गेलो. कायद्याप्रमाणे धूम्रपानबंदीच्या ठिकाणी तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नाव ठळक लावावे लागते. इथे नाव होते, खाली मोबाइल नंबरही होता. लावला. एका बाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "बाबा रिटायर झाले हो, आता पुण्याला असतात." शेवटी महाविद्यालयाच्या तंबाखूमुक्ती समितीतले एक सर भेटले. त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे समजावले, की टपरी महाविद्यालयाच्या मुख्य गेटपासून दीडशे-दोनशे मीटर लांब आहे, म्हणजे तंबाखू विक्रीबंदीच्या शंभर यार्डांच्या बाहेर. सबब त्यांचा संबंध येत नाही. गेटसमोर त्यांनी पिवळी रेषासुद्धा मारून घेतली होती.

संपादक महोदय, माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. साखळी आणि टेप घेऊन मी या जिल्ह्यातली कितीतरी शिवारे पालथी घातली आहेत. हद्द कुठून धरायची यावरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली पाहिली आहेत. मला कोणी गेटपासून मोजायला शिकवू नये. 2003 च्या तंबाखू कायद्यात शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. आणि हे अंतर मोजायचे ते संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चहूबाजूंनी. नियमात तसे स्वच्छ लिहिले आहे. गेट कुठेही असो.

मग मी घरचा टेप काढला आणि मोजले. कुंपणाच्या भिंतीपासून टपरीचा खांब चार मीटर वीस सेंटिमीटर भरला. टेपचे दुसरे टोक खुद्द टपरीवाल्याने धरले होते. बिचाऱ्याला वाटले, रस्तारुंदीची मोजणी आली.

ती पिवळी रेषाही आता राहिलेली नाही. सिंहस्थाच्या कामात समोरचा रस्ता खोदला, त्यात ती गेली. खड्डा केव्हा बुजणार यासाठी वेगळे पत्र लिहीन.

पोलीस चौकीत गेलो तर तिथले हवालदार म्हणाले, "काका, उघड्या रस्त्यावर ओढायला बंदी नाही." बरोबर बोलले ते. सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे. पण मी ओढणाऱ्यांची तक्रार घेऊन गेलोच नव्हतो, मी विकणाऱ्याची घेऊन गेलो होतो. ते ऐकल्यावर त्यांनी मला महापालिकेकडे पाठवले. महापालिकेत सांगितले, टपरी अतिक्रमणात असेल तर बघू, तंबाखूचे पोलिसांनाच विचारा. या दोन कार्यालयांमधले अंतर मात्र मी मोजलेले नाही.

आणखी एक. मी काही सोवळ्यातला माणूस नाही. आम्ही मूळचे सिन्नरचे. मांडीवर सूप घेऊन आई विड्या वळायची, त्या हजेरीवर आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघायचा. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊन तिला लागलेला खोकला आजही कानात आहे. त्यामुळे ओढणाऱ्या पोरांना गुन्हेगार समजावे असे मला वाटत नाही. वीस वर्षांच्या मुलाला निकोटिनची तलफ आली, की दोनशे रुपयांच्या दंडाची पाटी त्याला थांबवत नाही. जागा बदलायला लावते, एवढेच. ही सवय सोडवायला मदत लागते. पाकिटावर 1800-11-2356 हा मदतीचा नंबर छापलेला असतो, 85 टक्के जागेवर ते भयंकर चित्र असते. पण ही मुले पाकीट घेतातच कुठे? ती एक-एक सिगारेट सुट्टी घेतात. म्हणजे ना चित्र दिसत, ना नंबर. सुट्ट्या सिगारेटी आणि विड्या विकायला आपल्या राज्यात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, हे आमच्या टपरीवाल्याला कोणी कळवलेले दिसत नाही. शपथेच्या फ्लेक्सवर तो मदतीचा नंबर असेल म्हणून भिंग घेऊन आपला फोटो तपासला. मान्यवरांची नावे आहेत, नंबर नाही.

प्राचार्यांना माझे एवढेच सांगणे, की त्यांनी त्यांच्या लेटरहेडवर पोलिसांना एक पत्र द्यावे: आमच्या कुंपणापासून इतक्या अंतरावर तंबाखूची विक्री होते, कारवाई करा. सोसायटीचे पत्र फायलीत पडते, महाविद्यालयाचे पडणार नाही अशी आशा आहे. मोजणीचा कच्चा नकाशा मी काढून ठेवला आहे, सहीनिशी देतो. फी नको.

जाता जाता आपल्याबद्दलही. शपथेची ती बातमी ज्या पानावर होती, ते पान उलटले तर मागे एका पानमसालावाल्यांची अर्धे पान जाहिरात. जाहिरात म्हणे वेलचीची. नाव तेच, अक्षरे तीच, सूट घातलेला नटही तोच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, वेलचीवर नाही, हे मला कळते. वर्तमानपत्र चालवायला पैसे लागतात हेही कळते. पण अर्धे पान भरून जाहिरात द्यावी एवढी वेलची नाशिककर नेमकी कशात घालतात? हे पत्र छापलेत तर आभारी राहीन. फक्त त्या वेलचीशेजारी छापू नका.

कळावे,
एक निवृत्त भूकरमापक,
गंगापूर रोड, नाशिक